वहिनीला कळत होतं

माझी वहिनी ओतिलिया सिनेमात काम करायला गेली तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, आणि त्याआधी तिने आयुष्यात चार-पाचच्या वर सिनेमे पाहिले नसतील. माझा भाऊ सेवेरो जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो, ती आणि मी. मी एदेलमिरा. माझं लग्न झालं नाही. गेली सत्तावीस वर्षं मी सांता ब्रिहिदाच्या चर्चच्या ऑफिसात बसून बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले टाइप करते, त्यामुळे गावात कोण कोणाचं कोण हे मला फादरपेक्षा जास्त ठाऊक आहे.

वहिनीचं चौकाच्या कोपऱ्यावर सुईदोऱ्याचं दुकान होतं. बटणं, लेस, फिती, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्यांना लावायचे मणी. एका सकाळी राजधानीतला एक माणूस शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन आला. वहिनीने त्याला शर्ट काढू दिला नाही. अंगावरच दोरा घातला, बटण शिवलं आणि दोरा दाताने तोडला. त्यात तिचं डोकं त्याच्या छातीला लागलं असेल-नसेल. तो लेआन्द्रो उर्किदी, सिनेमाचा दिग्दर्शक. महिन्याभराने तो परत आला आणि म्हणाला, बाई, माझ्या सिनेमातली विधवा तुम्ही कराल का.

त्याला नट नको होते, खरी माणसं हवी होती. सिनेमाचं नाव होतं ‘चुना’. गोष्ट एवढीच, की एका विधवेच्या घराची भिंत फुगते आणि गिलावा करायला एक गवंडी येतो. काम चार दिवसांचं. पण तो घरी गेला की बाई चमच्याने ओला गिलावा खरवडून काढते, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला परत यावं लागेल. असे कित्येक दिवस जातात. शेवटी एका दुपारी त्याच्या ते लक्षात येतं आणि तो थापी खाली ठेवतो. पुढे काय होतं ते सिनेमात सगळं दिसतं.

गवंडी म्हणून त्याने आमच्या गावचाच खरा गवंडी घेतला, फिदेन्सिओ. पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा. त्याची बायको निएवेस माझ्याबरोबर चर्चमध्ये फुलांची व्यवस्था बघायची.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. उर्किदीने वहिनीला काहीही अंधारात ठेवून करायला लावलं नाही. त्याने अख्खी गोष्ट टाइप केलेली आणून दिली. वहिनीने ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून चष्मा लावून वाचली, बोट ठेवून, दोनदा. त्या दुपारचं पान आलं तेव्हा तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि ते पान पुन्हा वरपासून वाचलं. मी समोर बसले होते. दुसऱ्या दिवशी तो आल्यावर तिने अटी घातल्या. खोलीत तिघांच्या वर माणसं नकोत. पलंगावरची चादर मी माझी आणीन, पण लग्नातली नाही. दारावर माझी नणंद बसेल. आणि मला एकच गोष्ट पन्नास वेळा करायला सांगायची नाही. उर्किदी हसला आणि कबूल झाला.

मी तिला म्हटलं होतं, "वहिनी, नको जाऊस. लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोक मी दुकानात बसले तरी म्हणतात, एदेल. परवा मी निळी ओढणी घेतली तर त्यावरही म्हणाले."

त्या दुपारचं शूटिंग झालं तेव्हा मी खोलीबाहेर अंगणात घेवडा निवडत बसले होते. ऊन असं, की कोंबड्यासुद्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीला गेल्या होत्या. दार बंद झालं. बऱ्याच वेळाने उघडलं, कॅमेऱ्याचा माणूस पुढच्या शॉटसाठी नवी रीळ घ्यायला बाहेर आला, परत आत गेला. मग एकदम शेवटी उघडलं. म्हणजे दोनदा. माझ्या मांडीवरच्या सुपात एकही खडा राहिला नव्हता तरी मी तेच दाणे फिरवत होते. वहिनी बाहेर आली. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत चुना वाळला होता. तिने पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायली, आणि माझ्याकडे बघून हसली. असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. सेवेरोच्या लग्नात मी तिची करवली होते, तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाजीसाठी निवडुंगाचे काटे काढत होतो. सुरीवरून नजर न उचलता ती म्हणाली, "एदेल, काल मी नाटक केलं नाही. नाटक मी चोवीस वर्षं केलं."

ती चोवीस वर्षं माझ्या भावाची होती. माझा भाऊ वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, कमाई घरात आणली, मेला तोही कोणाला त्रास न देता. मी सुरी ठेवली आणि उठून गेले. आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. ती मात्र नेहमीसारखी बोलत राहिली, जसं काही तिने मला पाहुण्यांची बातमी सांगितली होती.

सिनेमाबाहेर त्या दोघांत काही होतं का, हे मला गावाने पुढे शंभरदा विचारलं. काही नव्हतं. काम संपलं तसा फिदेन्सिओ घरी गेला. एकदा तो निएवेसच्या झग्याला लावायची चेन घ्यायला दुकानात आला. वहिनीने विचारलं, किती लांबीची हवी. त्याने टेबलाकडे बघत सांगितलं, तिने बांधून दिली, तो गेला. ती त्याच्या मागे बघत राहिली, हे मी पाहिलं. मग तिने लेसचं रीळ उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

वर्षभराने ‘चुना’ परदेशातल्या एका महोत्सवात दाखवला गेला. तिथे अर्धं थिएटर उठून बाहेर गेलं म्हणे, आणि उरलेलं अर्धं उभं राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होतं. पेपरात दोन्ही आलं. एकाने लिहिलं, म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईची इच्छा इतक्या खरेपणाने आजवर कोणी दाखवली नाही. दुसऱ्याने लिहिलं, घाण आहे. राजधानीतल्या रेहिना बाल्मोरी नावाच्या मोठ्या समीक्षिकेने लिहिलं ते सगळ्यात जास्त वाचलं गेलं. एका श्रीमंत घरच्या पुरुषाने खेड्यातल्या अडाणी विधवेचं शरीर कलेच्या नावाखाली लुटलं आहे, आपण काय देतो आहोत हे त्या बिचारीला कळलंही नसेल, असं तिने लिहिलं. वहिनीने ते दुकानात बसून वाचलं. तिने फक्त विचारलं, "अडाणी कशावरून म्हणते ही? हिला कोणी सांगितलं?"

मग उर्किदीने उत्तर दिलं, तेही छापून आलं. तो म्हणाला, मी लुटलं नाही, मी घडवलं. ओतिलियाबाईंच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी अकरा वेळा शॉट घेऊन, त्यांना पार थकवून बाहेर काढला. आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, तेच तर त्या शॉटचं सौंदर्य.

अकरा वेळा. दर शॉटला नवी रीळ लागायची आणि दार दोनदाच उघडलं होतं, आणि ते मोजणारी त्या अंगणात मी एकटी होते.

आमच्या नगराध्यक्षांना वाटलं, गावाचं नाव झालं, तर गावाने बघायला नको का. त्यांनी एका रविवारी दुपारी सभागृहात पडदा लावला, पहिल्या रांगेत गालिचा अंथरला, चिंचेच्या सरबताची पिंपं ठेवली. अख्खं गाव आलं. पहिला तासभर लोक आपापली घरं ओळखत खूश होते. वहिनी गिलावा खरवडायला लागली तेव्हा बायका हसल्याही. मग ती दुपार आली. खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू झाले. निएवेस उठली, तिच्या मागे चर्चमधल्या सगळ्या बायका उठल्या. नगराध्यक्षांना मधेच फोन आला. भाजीवाली एउफ्रोसिना म्हातारी तेवढी बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाली, "पळता काय गं? तुमची पोरं काय पोस्टाने आली?" पण तिला कोणी साथ दिली नाही.

मी शेवटपर्यंत बसले. पडद्यावर वहिनीचा चेहरा होता, भिंतीएवढा. पाणी पिऊन जी हसली होती, तीच ती. आणि मला भावासाठी राग येण्याऐवजी हेवा वाटला, वहिनीचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच विनोद चालू झाला, की सेवेरोच्या बायकोने मेलेल्या नवऱ्याला चुना लावला. पोरंटोरं दुकानाच्या पायरीवर खडूची पूड टाकून पळायची. फिदेन्सिओने बायकोला सांगितलं, दिग्दर्शकाने मला आधी मेस्काल पाजली होती, मला काही आठवत नाही. ते सगळ्यांना पटलं. पुरुषांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, चार महिन्यांत निएवेसनेही त्याला माफ केलं. फादरनी मिस्साच्या प्रवचनात कोणाचं नाव घेतलं नाही, पण भिंत, गवंडी आणि विधवा हे तीन शब्द घेतले. सोमवारी मला ऑफिसात म्हणाले, "एदेलमिरा, तुझ्यावर राग नाही हो. पण बाई तुझ्या घरात राहते." मी मान खाली घालून दाखला टाइप करत राहिले.

वहिनीला सगळ्यात जास्त लागलं ते जानेवारीत. दर वर्षी दोन फेब्रुवारीला बायका आपापल्या घरची बाळ येशूची मूर्ती नवे कपडे घालून चर्चमध्ये नेतात, आणि गावातल्या निम्म्याहून जास्त बाळांचे कपडे वहिनी शिवायची. जानेवारीभर आमच्या कपाटावर, पलंगावर, टेबलावर उघडीनागडी बाळं पडलेली असत, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली. त्या वर्षी एकही आलं नाही. वहिनीने पांढरं साटीन आणून ठेवलं होतं. महिना संपेपर्यंत ती रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसायची.

त्यानंतर राजधानीतून पत्र आलं. सिनेमावर मोठी चर्चा ठेवली होती. बाल्मोरीबाई आणि उर्किदी समोरासमोर बसणार होते, आणि ओतिलियाबाईंनी पाहुणी म्हणून यावं अशी विनंती होती. वहिनी म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. तू तिथे होतीस." मी गेले. बसमध्ये नऊ तास ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मधे एकदा म्हणाली, "मला जास्त काही बोलायचं नाही. एक वाक्य बोलेन."

हॉल गच्च भरला होता. वहिनीला मधल्या खुर्चीवर बसवलं, मला शूटिंगच्या वेळी दारावर बसलेली नणंद अशी ओळख करून देऊन पहिल्या रांगेत. तास-सव्वा तास ते दोघं तिच्या डोक्यावरून भांडले. बाल्मोरीबाई म्हणाल्या, हे शोषण आहे. उर्किदी म्हणाला, ही कला आहे. त्या म्हणाल्या, समोर बसलेल्या या स्त्रीकडे बघा. तो म्हणाला, हो, बघाच. सगळे बघत होते. वहिनी हातातली पिशवी मांडीवर धरून बसली होती, जशी दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी. श्रोत्यांतही दोन तट पडले होते. कोणी उर्किदीच्या वाक्यावर टाळ्या देई, कोणी बाल्मोरीबाईंच्या.

शेवटी वहिनीने हात पुढे केला आणि माइक मागितला.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "मी ते पान वाचलं होतं. मला ते करायचं होतं, म्हणून मी केलं."

बाल्मोरीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि श्रोत्यांकडे वळून फार हळुवारपणे सांगितलं, की ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तो आपलाच निर्णय वाटू लागतो, अशी उदाहरणं आपण नेहमी बघतो. उर्किदी हसून म्हणाला, बाई मोठ्या मनाच्या आहेत, मला वाचवायला बघताहेत. वहिनी एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत राहिली. त्या क्षणी तरी त्या दोघांत काही मतभेद नव्हता.

मागच्या रांगेतल्या एका पोरीला मात्र ते पटलं नाही. ती उठून म्हणाली, यांच्या नणंदबाई आल्या आहेत ना, त्या शूटिंगला हजर होत्या, त्यांनाच विचारा. माइक माझ्याकडे आला.

मी उठले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ती निर्धास्त होती, तिने पिशवीचे बंदसुद्धा सोडले हातातून. मला दार दोनदा उघडलेलं आठवत होतं. चादरीची अट आठवत होती, चष्मा लावून टेकवलेलं बोट आठवत होतं. त्याच वेळी मला सेवेरोही आठवत होता, फादर आठवत होते, आणि परत गेल्यावर ऑफिसात कोणत्या तोंडाने बसू हे आठवत होतं. सिनेमात ती जशी हसली होती तेही.

मी म्हटलं, "वहिनी साधी आहे हो. तिला काय कळतंय."

टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंनी पडल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच अख्खा हॉल एकत्र टाळ्या वाजवत होता. बाल्मोरीबाईंनी डोळे पुसले. उर्किदीने माझ्याकडे बघून किंचित मान लववली, आभार मानावेत तशी.

परतीच्या बसमध्ये वहिनी माझ्या शेजारीच बसली. मला वाटलं होतं जागा बदलेल, नाही बदलली. एका ढाब्यावर बस थांबली तेव्हा तिने दोघींसाठी भाकरीत गुंडाळलेलं मांस घेतलं, माझा वाटा माझ्या हातात दिला. खाऊन झाल्यावर हात पुसता पुसता तिने विचारलं, "तुला काय मिळालं गं, एदेल?" मी कागदाची घडी घालत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

माझं वाक्य पेपरात आलं, माझ्या नावासकट. आमच्या गावात पेपर फारसं कोणी वाचत नाही, पण तो वाचला. आणि गाव बदललं. बिचारी, म्हणाले. शहरातल्या माणसाने फसवलं गरिबाला. सख्ख्या नणंदेनेच सांगितलं म्हटल्यावर खोटं कशाला असेल. फादरनी मला बोलावून सांगितलं, तू फार चांगलं केलंस, एका जिवाला वाचवलंस. पायरीवरची खडूची पूड बंद झाली. पुढच्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, निएवेस स्वतः आपला बाळ येशू टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. तिने वहिनीला मिठी मारली आणि म्हणाली, "झालं गेलं विसरून जाऊ, ओतिलिया. तुझा काय दोष? तुला काय समज होती त्यातली?"

वहिनीने टॉवेल तसाच परत तिच्या हातात दिला.

"मी शिवणार नाही," ती म्हणाली. "मी वाईट आहे असं म्हणत होतीस तेव्हा आणला असतास, तर शिवला असता. मी वाईट असेन, निएवेस. बावळट नाही."

निएवेसला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तसं तिने सगळीकडे सांगितलंही. पण बायका येतच राहिल्या, कारण आता दया दाखवायची होती. कोणी बाळ घेऊन आलं, कोणी गोड भाकऱ्या, कोणी जुने स्वेटर. वहिनी प्रत्येकीला तेच सांगे, मला कळत होतं, आणि प्रत्येकजण मान हलवून म्हणे, हो हो, बाई, नका त्रास करून घेऊ. तिला शिव्या देत होते तेव्हा ती ताठ चालायची. दया सुरू झाल्यावर दोन महिन्यांत ती वाकली. दुकानातल्या दुकानात चालताना तिला टेबलाचा आधार लागायला लागला.

फिदेन्सिओला एकदा तिने चौकात गाठलं, भर बाजारात. मी भाजी घेत होते. तिने त्याला विचारलं, तू तरी सांग लोकांना की आपण शुद्धीवर होतो. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओतिलियाबाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये. घरी जा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सांभाळा हो यांना."

मार्चमध्ये तिने दुकान विकलं आणि साल्तिल्यो शहरात गेली. तिथे तिची एक मावसबहीण राहते. मी थांब म्हटलं नाही. घरातून नेताना तिने फक्त शिवणयंत्र, कपडे आणि चष्मा नेला. सेवेरोचा फोटो माझ्यासाठी ठेवला. उर्किदीला पुढे त्या सिनेमासाठी मोठं बक्षीस मिळालं. बाल्मोरीबाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात माझं ते वाक्य पहिल्या पानावर आहे म्हणे. मला एक प्रत पाठवली होती. मी उघडली नाही.

दीड वर्षाने मी साल्तिल्योला गेले. ऑफिसच्या कामाने आले आहे असं खोटं सांगितलं. ती एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली होती, काजं करायच्या विभागात. केस कापले होते, तब्येत बरी दिसत होती. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं आणि तो सिनेमाही कोणी पाहिला नव्हता. तिने मला स्वच्छ टेबलावर बसवलं, दालचिनीची कॉफी दिली, चार बिस्किटं बशीत काढून दिली. गावच्या पावसापाण्याचं विचारलं. एउफ्रोसिना म्हातारी गेली हे ऐकून तिला खरंच वाईट वाटलं.

मी बसमध्ये सगळं वाक्य तयार करून आले होते. दार दोनदाच उघडलं होतं, हे मी आता लिहून द्यायला तयार आहे, पेपरात, माझ्या सहीने. मी तसं म्हटलं.

वहिनीने माझं ऐकून घेतलं. कॉफीचा कप थोडा माझ्या बाजूला सरकवला.

"कॉफी घ्या, एदेलमिराबाई," ती म्हणाली. "गार होईल. आणि तुमची बस किती वाजता आहे?"

तीस वर्षांत तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी वेळ सांगितली. ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, रस्ता ओलांडताना गाड्या बघून माझा दंडही धरला. स्टँड कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवलं, आणि माझी बस यायच्या आत परत फिरली, कारण तिची दुपारची पाळी होती.